डावीकडचा तिसरा बाक

माणिकबाईंचा हात वर गेला तेव्हा खुशालरावांना आधी वाटलं, पंखा कमी करायला सांगत असतील. डावीकडच्या तिसऱ्या बाकावरचा पंखा वर्षानुवर्षं नेमका त्यांच्या डोक्यावर गरगरत आला होता, आणि त्या पंख्याविषयीची तक्रार हा रविवारच्या जेवणातला ठरलेला पदार्थ होता, लोणच्यासारखा. पण पंखा बंद होता. उपासना संपली होती, आशीर्वाद होऊन गेला होता, चपलांकडे जायची घाई असलेली मंडळी सभेपुरती नाइलाजानं थांबली होती, आणि नवे पाळक जीवन वेदीच्या पायरीवर उभे राहून एवढंच विचारत होते, की येत्या हंगामाच्या सणापासून नवरा-बायको, लेकरंबाळं अशी घरची घरं चर्चमध्ये एकत्र बसली तर कसं. ज्यांना तसं बसावंसं वाटतं त्यांनी कृपया हात वर करावा. पुरुषांच्या बाजूला सगळे एकमेकांकडे बघत होते. पहिला हात दुसऱ्याचा असावा, एवढी नम्रता त्या बाजूला प्रत्येकातच होती. आणि त्या बघाबघीत बायांच्या बाजूनं एक हात उठला. बांगड्या मनगटावरून कोपराकडे घसरल्या, त्यांचा लहानसा आवाज झाला, आणि तो आवाज ऐकून खुशालरावांना कळलं की हा हात आपल्या घरचा आहे.

हात तसा रोजच्या ओळखीचा. याच हातानं आदल्या दिवशी त्यांच्या ताटातला गुळाचा खडा उचलून नेला होता. शुगर निघाल्यापासून घरातला गोडाचा सगळा कारभार या हाताकडे होता. पण हवेत, चारचौघांत, कोणाला न विचारता असा सरळ उभा राहिलेला तो त्यांनी कधी पाहिला नव्हता. पाळकसाहेब हसले. "धन्यवाद, आत्या," म्हणाले. मग डावीकडून आणखी हात उठले, ते बघून उजवीकडूनही उठले, आणि शेतात पाखरं एकदम उडावीत तसं चर्च हातांनी भरून गेलं. खुशालरावांचे दोन्ही हात मांडीवर होते. त्यांनी ते एकदा पाहून घेतले. किसनराव मागच्या बाकावरून उठून म्हणाले की हे सक्तीचं आहे काय. पाळकसाहेब म्हणाले, अजिबात नाही, ज्याला जिथे समाधान वाटेल तिथे त्यानं बसावं. म्हणजे पंचाईत झाली. सक्ती असती तर विरोध करता आला असता. आता कोणी काय बोलतो याला अर्थ उरला नव्हता. सणाच्या दिवशी भोपळ्यांच्या आणि संत्र्यांच्या राशीपुढे, सगळ्या मंडळीच्या डोळ्यांदेखत, कोण कुठे बसतो एवढंच उरलं होतं. आणि मंडळीत वयानं आणि पंचपणानं सगळ्यांत जुने खुशालरावच असल्यामुळे, बाहेर पडताना प्रत्येक जण सलाम करून झाल्यावर त्यांच्याकडे क्षणभर जास्त पाहत होता. एसटीच्या फलकाकडे पाहावं तसं. ही गाडी कुठे लागणार.

त्यांचं दुखणं वेगळंच होतं, आणि ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. बदलाला त्यांचा विरोध नव्हता. बदल त्यांचाच होता. अकोल्याच्या डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून नवे लागले होते तेव्हाची गोष्ट. अमरावतीची माणिक लग्न होऊन नुकतीच घरात आली होती. ज्या वेदीपुढे पाळकानं दोघांना कायमचं एक केलं, त्याच वेदीपुढे दर रविवारी दोघांची दोन बाजूंना पाठवणी व्हायची. पुरुष उजवीकडे, बाया डावीकडे, मधून जायची वाट. मिशनच्या काळापासून तसंच चालत आलेलं. मिशनचे गोरे साहेब-मॅडम मात्र, जुन्या लोकांच्या आठवणीप्रमाणे, एकत्र बसत. खुशालरावांना उजवीकडून तिची फक्त मान दिसायची, पदराखाली, अंबाड्याजवळ एक सुटलेली बट. घरी ती बट रोज दिसायची, तिथे तिचं काही वाटायचं नाही. पण चर्चमध्ये ती पाहताना त्यांचं गीत चुकायचं. म्हणून वार्षिक सभेत ते उठले. गाड्यांच्या वेळा पुकारून कमावलेल्या खणखणीत आवाजात त्यांनी मंडळीला विचारलं, की एसटीत तर सगळे आपापल्या बायकोशेजारी बसता, मग देवाच्या घरी काय होतं. वाद जिंकल्यासारखं वाटलं. मग त्या वेळचे मुख्य पंच नत्थुजी, गालात तंबाखू आणि हातात पवित्र शास्त्र अशा अवस्थेत उठले आणि म्हणाले, "एसटी मूर्तिजापूरले जाते बापा. हे गाडी दुसरीकडं जाते." मंडळी हसली. बाया जास्त हसल्या. नत्थुजींनी वर उदारपणे सांगून टाकलं की तुले एवढं वाटते तर बस ना तू बायकोले घेऊन, आमी काय हात धरून राहिलो तुया.

पुढच्या रविवारी खुशालराव लवकर गेले. उजवीकडच्या दुसऱ्या बाकावर बसले आणि शेजारच्या जागेवर त्यांनी खिशातला पांढरा, धुतलेला, घडी घातलेला रुमाल टाकला. यात त्यांना काही विशेष वाटलं नाही. डेपोत रोज शेकडो रुमाल खिडक्यांतून आत पडताना त्यांनी पाहिले होते; रुमाल पडला की जागा धरली गेली, यावर सगळ्या महाराष्ट्राचं एकमत होतं. माणिक दारात आली. डोक्यावर पदर, हातात गीतपुस्तक. त्यांनी डोळ्यांनी खुणावलं. तिनं रुमाल पाहिला, त्यांना पाहिलं, हे नक्की. कारण तिचा पाय वाटेत थोडा थबकला. मग ती वळली, डावीकडे गेली, आणि बायांच्या पदरांत दिसेनाशी झाली. पहिल्या गीतापर्यंत रुमाल तसाच होता. दुसऱ्या गीताच्या वेळी उशिरा आलेले नत्थुजी त्या रुमालावर बसले. रुमाल परत मिळाला तेव्हा त्याला तंबाखूचा वास लागला होता, आणि तो वास कितीही धुतलं तरी जात नाही असं खुशालराव पुढे पुष्कळ दिवस म्हणत. माणिकबाई म्हणत, जाते, तुमीच हुंगून राहिले. त्या प्रकरणावर नवरा-बायकोत झालेलं बोलणं एवढंच. मंडळीत मात्र बोलणं पुष्कळ झालं. पुढे ते स्वतः पंच झाले, सणात वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव दर वर्षी त्यांच्याच आवाजात व्हायला लागला, तरी लिलावात एखाद्या कोंबड्यावर दोघांची बोली अडली की मागून कोणीतरी हमखास म्हणायचं, खुशालराव, रुमाल टाका.

आणि आता हा पोरगा. आईबापांनी जीवन नाव ठेवलेलं, दाढी नीट कोरलेली, बोलण्यात 'कृपया'. आला, उभा राहिला, विचारलं, हात वर. ना एसटीचा दाखला, ना वाद, ना रुमाल. आणि पहिला हात कोणाचा, तर तिचा. रविवारची संध्याकाळ खुशालराव जठारपेठेतल्या घराच्या गच्चीवर फिरत राहिले आणि त्या मुलात असं काय आहे ते शोधत राहिले. गिटार वाजवतो; बरी वाजवतो. बाकी आवाज पातळ. जेवायला आला की आपलं ताट आपण धुतो, आणि धुतल्यावर ते पालथं कुठे घालायचं हे न विचारता बरोबर घालतो. हे मात्र त्यांना सहन होत नसे. अमरावतीला माणिकबाईंच्या माहेरच्याच घरांच्या ओळीत तो वाढलेला, त्यांच्या भावाच्या मांडीवर खेळलेला, म्हणून आत्या. त्याच्यासाठी रोडगे होत. वांग्याच्या भाजीवर तेलाचा तवंग येई. त्याला वाढताना माणिकबाई विचारत नसत, वाढत. खुशालरावांना वाढताना विचारत, आणि विचारत ते शुगरचं. एकदा तर बिनसाखरेचा चहा त्यांच्या पुढ्यात आणि गोड चहा त्याच्या पुढ्यात ठेवून ती दोघं स्वयंपाकघरात कोणाच्या तरी कोंबडीच्या गोष्टीवर हसत बसली होती. कोंबडी कोणाची, हे खुशालरावांना अजून कळलं नव्हतं. विचारायचा प्रश्नच नव्हता. आरशासमोर दाढी करताना मात्र त्यांनी एकदा हळूच 'कृपया' म्हणून पाहिलं. आरशातला माणूस तिकीट विचारतो आहे असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी किसनराव आले. हातात पपई. तीही त्यांच्यादेखत आत गेली. किसनराव म्हणजे त्या वार्षिक सभेत सगळ्यांत मोठ्यानं हसलेला तरुण. आता गुडघे गेलेले, पण हसणं तेच. ते म्हणाले, मंडळी वाहवत चालली, गिटार आली, पडद्यावर गीतं आली, आता बाजू मिसळल्या, उद्या काय काय मिसळतील. म्हणाले, "तुमच्यासारखा अनुभवी माणूस उजवीकडं पयल्या बाकावर दिसला, का बाकीचे आपोआप येतात. तुमी फक्त बसा. बोलू नका काही." खुशालराव सांगू शकले असते की बाबा रे, हा मुद्दा माझा आहे, मी तो तुझ्या जन्माच्या नाही पण तुझ्या लग्नाच्या आधी मांडला होता, आणि तू हसला होतास. त्याऐवजी त्यांनी स्वतःच्या खणखणीत आवाजात ऐकलं, की चालत आलेली गोष्ट चालू राह्यली पायजे. वाक्य नत्थुजींचं होतं. बोलताना जिभेवर तंबाखूसारखी चव आली, आणि त्यांनी आयुष्यात तंबाखू खाल्ली नव्हती. किसनराव खूश होऊन गेले. आतून भांडी लावल्याचा आवाज येत होता. तो थांबला नाही, वाढला नाही, कमी झाला नाही. तिनं ऐकलं असेल तर भांड्यांना काही कळू दिलं नव्हतं.

मग सण चार दिवसांवर आला असताना अमरावतीला माणिकबाईंच्या भाचीचा साखरपुडा निघाला. दोघं एसटीनं निघाली. खुशालरावांना एसटीत बसलं की बरं वाटायचं. इथे कोणी काही म्हणायच्या आधी लोक त्यांना जागा देत, जुने कंडक्टर अजून साहेब म्हणत. माणिकबाई खिडकीशी बसल्या, हे शेजारी. खांदा खांद्याला लागला. खड्ड्यात दोघं एकाच वेळी उडत आणि एकाच वेळी खाली येत. किती वर्षं अशी ती शेजारी बसत आली होती, बिनतक्रार, फलाटावर, गाडीत, दवाखान्याच्या बाकड्यावर, आणि कधी त्यांना त्याचं काही वाटलं नव्हतं. वाटायची ती एकच जागा, जिथे ती बसली नाही. बाहेर कापूस फुटला होता. काळ्या जमिनीवर पांढरे ठिपके खिडकीतून मागे जात होते आणि खुशालरावांच्या मनात एक प्रश्न चालकाच्या मागच्या काचेसारखा थडथडत होता. बोरगाव गेल्यावर ते बोलले.

"हात काहून वर केला वं?"

माणिकबाईंनी नजर बाहेरच ठेवली. काय म्हणताय हे त्यांनी विचारलं नाही. "पार्वताबाई गेली ना," त्या म्हणाल्या.

खुशालरावांनी पुष्कळ उत्तरं धरून ठेवली होती. जीवननं सांगितलं म्हणून. जग बदललं म्हणून. तेव्हा लाज वाटली, आता वाटत नाही म्हणून. यातल्या प्रत्येकाला द्यायचा टोलाही गच्चीवर तयार करून झाला होता. पार्वताबाई त्यात कुठेच नव्हत्या. त्या म्हणजे नत्थुजींची बायको, मागच्या उन्हाळ्यात गेल्या. ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा, चर्चच्या डाव्या बाजूला कुठेतरी असायच्या. अंत्यविधीला खुशालरावांनीच माइक धरला होता. माणिकबाई तेव्हा रडल्या होत्या. पण बाया रडतात.

"तिची जागा रिकामी आहे," माणिकबाई बोलत होत्या. "बाजूले कोणी नसलं का मन लागत नाई. गीत चुकलं तर कोणी कोपर मारत नाई. म्हटलं, लोकं एकत्र बसून राहिले तर तुमीबी येऊन बसान. बसले तर बसले."

त्या 'बसले तर बसले'वर गाडी चांगली आदळली. खुशालरावांनी पुढच्या सीटचा दांडा धरला. म्हणजे जीवन नव्हताच. इतके दिवस ते त्या पोराच्या दाढीशी उगाच लढत होते. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं मात्र असं, की घराचं दार लावून घेतलं आणि मग कळलं, चोर आतच होता, कधीचाच, चांगला जेवूनखाऊन. त्यांनी तो जुना प्रश्न विचारला. इतक्या वर्षांत विचारला नव्हता, आणि आवाज डेपोसारखा निघाल्यामुळे पुढच्या सीटवरच्या माणसानं मागे वळून पाहिलं. "आन् तवा? मी रुमाल टाकला होता तवा काहून नाई आली?"

आता माणिकबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. आश्चर्य होतं, की हे अजून आहे का यांच्याजवळ. "येतच होती," त्या म्हणाल्या. "तुमी रुमाल टाकून खुणा करत बसले. लोकं हसून राह्यले होते. मी नवी. कोणी वळखीचं नाई. तितक्यात पार्वताबाईनं मले पायलं. काही बोलली नाई. जराशी सरकली, आन् पदरानं बाक पुसला. तिनं पुसला, मी बसली."

एवढंच. मग मूर्तिजापूर आलं, चहावाले खिडकीखाली ओरडून गेले, गाडी निघाली, आणि बडनेऱ्यापर्यंत माणिकबाई पार्वताबाईंविषयी बोलत राहिल्या. इतक्या त्या कधी बोलत नसत. किंवा बोलत असतील, डावीकडे. पार्वताबाई इन्सुलिनच्या सुया घेत. लांब प्रार्थना असली की त्यांची साखर एकदम उतरे, हाताला कंप सुटे, कपाळावर घाम. म्हणून माणिकबाईंच्या बटव्यात खडीसाखर असायची. प्रार्थनेच्या मध्यावर, डोळे मिटलेले, एक खडा काढायचा आणि शेजारच्या हातात ठेवायचा. बघावं लागत नसे. हात बरोबर हातावर जाई. नवऱ्याला इतकी वर्षं तंबाखूवरून बोलणारी बाई, पण खडा तोंडात गेला की लहान पोरीसारखी गालातल्या गालात हसायची. तीच होती, जिला ते पहिल्यांदा कळलं. "काय?" खुशालरावांनी विचारलं. "पयलं राह्यलं होतं ना आपलं," माणिकबाई खिडकीकडे म्हणाल्या, "आन् गेलं. मले त्या रविवारी चर्चमधेच समजलं, का आता काही खरं नाई. दुसरं गीत चालू होतं. मी तिले हळूच सांगतलं. तिनं हात धरून ठेवला मायावाला, शेवटपर्यंत." खुशालरावांना तो रविवार आठवला. त्यांना घरी आल्यावर, जेवणाच्या वेळी सांगितलं गेलं होतं. आणि दुसरं गीत चालू असताना ते मधल्या वाटेच्या पलीकडे उभे होते, तीन हातांवर, आणि गात होते. मोठ्यानं गात होते. त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा; लोक कौतुक करायचे.

साखरपुड्यात त्यांनी काय पाहिलं ते त्यांना नंतर नीट आठवेना. प्रार्थना जीवननंच केली, तो तिकडचाच. मुलीच्या हातावर मुलाच्या आईनं साखर ठेवली. ताटात पेढा आला आणि खुशालराव त्याच्याकडे पोहोचायच्या आत माणिकबाईंचा हात येऊन तो घेऊन गेला, गप्पा न थांबवता, न बघता. त्याही हाताला बघावं लागत नव्हतं. म्हणजे न बघता देणारा आणि न बघता नेणारा हात एकच होता, फक्त त्यांच्या वाट्याला दुसरी बाजू आली होती. जीवन नंतर त्यांच्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "काका, तुम्ही बसलात तर बाकीचे बसतील. पण तुमच्यावर काही ओझं नाही." खुशालरावांनी त्याच्याकडे पाहिलं. कोरलेली दाढी, पातळ आवाज, घाबरलेला मुलगा. त्याच्यावर जळायला आता काही उरलं नव्हतं, आणि याचं त्यांना वाईट वाटलं, कारण जिवंत माणसावर जळण्यात काहीतरी करता येतं. त्याची बदली होते. त्याची गिटार बेसूर होते. पार्वताबाईंचं आता काय वाकडं करणार. त्या ज्या गाडीत बसल्या ती नत्थुजींनी सांगितलेली दुसरी गाडी, आणि तिच्या वेळा पुकारायचं काम खुशालरावांकडे नव्हतं.

परतीच्या गाडीत माणिकबाईंचं डोकं डुलकीत त्यांच्या खांद्यावर आलं. ते हलले नाहीत. पण हे डोकं, ते मोजून पाहत राहिले, नुसत्या एका खांद्यावर आलं आहे की माझ्या खांद्यावर.

हंगामाच्या सणाला चर्च संत्र्यांच्या आणि ओल्या तुरीच्या वासानं भरलं होतं. वेदीपुढे भोपळे, सीताफळं, कापसाची बोंडं, ज्वारीची पोती, एका टोपलीत अंडी, आणि पाय बांधलेला एक कोंबडा, जो संदेश आवडला नाही की आरवतो अशी त्याची दारातच ख्याती झाली होती. खुशालराव दारात उभे राहिले. माणिकबाई पुढे निघून गेल्या होत्या. घरून निघताना कुठे बसणार हे त्यांनी विचारलं नव्हतं, आणि यांनी सांगितलं नव्हतं. आतली मंडळी एसटीत चढून तिकिटावरचा नंबर न सापडलेल्या प्रवाशांसारखी वाटेत घुटमळत होती. नवरे बायकांमागे दोन पावलं जात आणि परत येत. काही जोडपी बसली होती, पण मध्ये गीतपुस्तक ठेवून. उजवीकडच्या पहिल्या बाकावरून किसनरावांनी हात केला. त्यांच्या शेजारी जागा होती, आणि त्या जागेवर त्यांनी रुमाल टाकला होता. चांगला मोठा, चौकड्यांचा. हसून ते खुणावत होते. डावीकडे, तिसऱ्या बाकावर, माणिकबाई. शेजारची जागा रिकामी. रुमाल नाही, पिशवी नाही, काही नाही. त्या समोर भोपळ्यांकडे पाहत होत्या.

सगळं चर्च पाहत होतं. पाळकसाहेब हातातली पानं उगाच सारखी करत होते. खुशालरावांना आयुष्यात पहिल्यांदा उमगलं, की दारात उभं राहून दोन जागा दिसणं ही काय चीज असते. एकीकडे हाका मारणारा रुमाल आणि एकीकडे नुसतं लाकूड. तेव्हा ती किती वेळ थबकली होती? पाय उचलून टाकण्याएवढा. ते वळले. तिसऱ्या बाकापाशी आले. बाकावर, एका उन्हाळ्यापासून कोणी न बसल्यामुळे, धुळीचा पातळ थर होता. माणिकबाई सरकल्या नाहीत, पुसलं नाही. खुशालरावांनी खिशातून रुमाल काढला, बाक पुसला, आणि बसले. पलीकडे किसनरावांनी आपला रुमाल उचलून त्यानं कपाळ टिपलं. मग पुढच्या चार-पाच मिनिटांत वाटेतली मंडळी जिथे असेल तिथे बसून गेली, आणि बदल झाला. इतका सोपा होता. याच्यासाठी त्यांनी एके काळी भाषण केलं होतं.

जागा अरुंद होती. बाकाचा तो भाग मध्ये खोलगट झाला होता, आणि तो खोलगटपणा त्यांच्या मापाचा नव्हता. ठेंगण्या, रुंद बाईनं तो वर्षानुवर्षं बसून घडवला होता. पंखा खरंच डोक्यावर होता. तक्रार खरी होती. इथून वेदी तिरपी दिसत होती आणि उजवीकडे बसलेले पुरुष सगळे एका बाजूनं, नाकं घेऊन बसल्यासारखे. म्हणजे मी तिला असा दिसत आलो, त्यांना वाटलं, नाक आणि आवाज. शेजारी तिची मान होती. बट पांढरी झाली होती. त्यांनी ती इतक्या जवळून, इथे, कधी पाहिली नव्हती, आणि आता पाहताना वाटत होतं की हे दुसऱ्याच कोणाच्या तरी घरात शिरून पाहणं आहे.

हंगामाची प्रार्थना लांब असते. पावसासाठी उपकार, विहिरींसाठी, बैलांसाठी, आणि जीवननं प्रार्थनेत ट्रॅक्टरही घेतला. कोंबडा दोनदा आरवला. मंडळीचे डोळे मिटलेले. बोंडअळीपासून वाचलेल्या कापसापाशी प्रार्थना आली तेव्हा बटव्याच्या दोरीचा बारीक आवाज झाला, आणि खुशालरावांच्या मांडीवरच्या तळहातात काहीतरी ठेवलं गेलं. लहान, टोकदार, कोरडं. बोटांनी त्यांची बोटं हलकेच मिटवली आणि हात निघून गेला.

त्यांनी डोळे उघडले. माणिकबाईंचे मिटलेले होते. ओठ प्रार्थनेबरोबर हलत होते. आपण काय दिलं, कोणाला, हे त्यांना माहीत नव्हतं. हात आपलं काम करून आला होता, रविवारचं, इतक्या वर्षांचं. शेजारी एक ऊब होती, प्रार्थना लांब होती, आणि बाकीचं हाताला पाठ होतं. खुशालरावांनी मूठ उघडून पाहिलं. खडीसाखरेचा खडा होता, खिडकीतल्या उजेडात जरासा चमकणारा. ज्या हातानं गूळ नेला, पपई नेली, पेढा नेला, त्या हातानं दिलेला, आणि त्यांना न दिलेला. इतका मऊ तो हात त्यांच्या बोटांना कधी लागला नव्हता. वाटलं, हलवून सांगावं तिला, की मी आहे. वाटलं, परत ठेवावा बटव्यात. ज्याचा माल त्याला. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मग खडा तोंडात टाकला.

गोड म्हणजे काय असतं हे जीभ विसरली होती. ती आधी दचकली. मग सगळं तोंड पाण्यानं भरलं, कानांमागे काहीतरी खेचलं गेलं, आणि डोळ्यांतही थोडं पाणी आलं, त्याचं कारण मात्र त्यांनी साखरेवरच ढकललं. आमेन झालं. मंडळी उभी राहिली. गिटार सुरू झाली, पडद्यावर गीत आलं, आणि सगळ्यांना सवयीनं ज्या आवाजाची वाट होती तो आवाज आला नाही. खुशालराव उभे होते, ओठ घट्ट मिटून. उघडले असते तर खडा दिसला असता. बातमी बाकाबाकानं सरकताना त्यांना दिसत होती. जीवनचा चेहरा पडला. त्याला वाटलं, काका बसले पण मनानं नाही. पहिल्या बाकावर किसनरावांनी वळून पाहिलं, त्यांचा तो मिटलेला करारी चेहरा पाहून त्यांचा ऊर भरून आला, आणि त्यांनी दुरूनच मान डोलावली. मागं हटला नाही माणूस. मूक निषेध. निषेध गालात हळूहळू विरघळत होता.

गीताच्या दुसऱ्या कडव्यावर माणिकबाईंनी न बघता कोपर मारलं. गीत चुकलं तर मारतात तसं. उत्तर आलं नाही म्हणून त्यांनी पाहिलं. नवऱ्याचा फुगलेला गाल पाहिला. मग आपला बटवा पाहिला, मग आपला हात. तो हात तसाच काही वेळ हवेत, दोघांच्या मध्ये राहिला. इतक्या वर्षांत या चर्चमध्ये माणिकबाई नवऱ्याशी पहिल्यांदाच बोलल्या.

"थुका ते," त्या हळूच म्हणाल्या.

खुशालरावांनी मान हलवली, आणि खडा दुसऱ्या गालात नेला.